मोठ्या कचऱ्याचा वार

भास्करला 'हो' म्हणायचं असलं की तो मान आडवी हलवायचा आणि 'नाही' म्हणायचं असलं की उभी. पहिल्याच दिवशी त्याने माझी फजिती केली. जपानात, टोकियोजवळच्या आमच्या इचिकावाच्या घरामागे माझ्या सासऱ्यांची जुनी कार्यशाळा होती. ती भाड्याने मिळेल का, हे विचारायला तो आणि त्याची बायको मिलेना आले होते. मी विचारलं, "चहा घेणार ना?" त्याने मान उभी डोलावली, तिने आडवी. मी आपला एकच कप केला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उचलून बायकोकडे सरकवला आणि हसत म्हणाला, "उलटं झालं बघा ताई. बल्गेरियात 'हो'ला मान अशी असती. एवढी वर्षं तिथं काढली, जीभ सोलापूरची राहिली पण मान तिकडची झाली की ओ."

मी मिरजेची. सतार कशी बनवतात ते बघायला आमच्या गावात आलेल्या एका जपानी मुलाच्या प्रेमात पडले आणि त्याच्यामागे इथे आले. तो मुलगा म्हणजे माझे यजमान, मोरिता-सान. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागात मराठी माणूस औषधालाही सापडत नसे. संगणकवाली पुण्या-मुंबईची मंडळी नंतर फुनाबोरीला आली, उरायासुला आली. त्यामुळे घरात शिरलेला माणूस 'की ओ' म्हणाला आणि मला अगदी भरून आलं. भाडं, पाणी, वीज असलं काही तो विचारेल म्हणून मी सरसावून बसले होते. त्याने विचारलं ते भलतंच.

"ताई, इथं मोठ्या कचऱ्याचा वार कुठला ओ?"

आमच्याकडे तेव्हा महिन्यातून ठरलेल्या वारी लोक घरातलं नको असलेलं सामान कोपऱ्यावर आणून ठेवत. कपाटं, खुर्च्या, सायकली, चालू स्थितीतले टीव्हीसुद्धा. देशात पैसा उतू गेला होता आणि नुकताच आटायलाही लागला होता, तरी टाकण्याची सवय गेली नव्हती. भास्करचं सगळं साहित्य म्हणजे हाच कचरा. त्या दिवशी सकाळीच हा गडी हातगाडी घेऊन निघायचा. आमच्या गल्लीच्या कचऱ्यावर देखरेख करणाऱ्या ओकादा आजी त्याला आधी रागावल्या. टाकलेलं उचलून नेणं त्यांच्या बुद्धीत बसेना. महिन्याभरात त्याच आजी चांगली फळी दिसली की छत्री आडवी ठेवून त्याच्यासाठी राखून ठेवायला लागल्या. भाषा एकाला दुसऱ्याची येत नव्हती. माणसं जोडायची कला मात्र त्याला उपजत होती.

भास्करचे वडील सोलापूरच्या गिरणीत कामगार, लाल बावट्याचे कट्टर. पोरगा चित्रं बरी काढतो म्हणून पक्षाने त्याला शिष्यवृत्तीवर सोफियाला पाठवला. तिथल्या कला अकादमीत तो दगडावरून छाप काढण्याची कला शिकला. मिलेनाचे वडील त्याच अकादमीत शिकवायचे, पण तिची आणि त्याची गाठ पडली ती ते वारल्यानंतर. पुढे तिकडची राजवट कोसळली. लोकांनी त्या काळातल्या वस्तू, बिल्ले, तसबिरी, पेले, सगळं घाईघाईने फेकून द्यायला सुरुवात केली, आणि या दोघांनी नेमकं तेच पुन्हा उभं करायचं ठरवलं. मिटून गेलेल्या काळातली एकेक खोली ते बनवायचे. दोघांची मिळून सही एकच. युरोपात त्यांचं बऱ्यापैकी नाव झालं आणि टोकियोतल्या एका कलादालनाने त्यांना बोलावून घेतलं.

त्यांची कामाची रीत अशी होती की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही दोघं माझी चेष्टा करताहेत. एकाने आठवायचं, दुसऱ्याने करायचं. जो आठवतो त्याने कामाला हात लावायचा नाही, ते पूर्ण होईपर्यंत बघायचंही नाही. जो करतो तो त्या जागी कधीच गेलेला नसला पाहिजे. फोटो नाही, आकृती नाही, कागदावर एक अक्षर नाही. फक्त सांगायचं आणि ऐकायचं. शेवटी लोकांसमोर आठवणाऱ्याने आत जायचं आणि काय काय चुकलंय ते मोठ्याने सांगायचं. आणि चुका सुधारायच्या नाहीत.

"अरे, मग काय उपयोग?" मी म्हटलं.

"चूक पुसायची नाही ताई," भास्कर म्हणाला. "तिनं सांगितलेलं जिथं बरोबर जमतं तिथं मिलेना आहे. जिथं चुकतं तिथं मी आहे. चूक पुसली तर मी कुठं राहिलो?"

तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं होतं. पण त्यांनी आमच्याकडे केलेलं पहिलं काम बघितलं आणि तोंडात बोट घातलं. मिलेनाच्या शाळेतली कोट टांगायची खोली. भास्करने खुंट्या इतक्या उंच ठोकल्या होत्या की मोठ्या माणसाचाही हात पुरू नये. मिलेना आत गेली, टाचा उंचावून हात वर केला आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "खुंट्या एवढ्या उंच नव्हत्या," ती म्हणाली, "पण मी एवढीच लहान होते." मी तिच्या इंग्रजीचं जपानी करून लोकांना सांगत होते, तो माझा कामाचा वाटा. त्या दिवशी ते वाक्य मला दोनदा सांगावं लागलं.

मिलेना उंच, हाडाची काटक आणि बोलायला फटकळ. आमचं पटकन जमलं ते दह्यामुळे. जपानात बल्गेरिया म्हटलं की समोरच्याच्या तोंडून एकच शब्द येतो, दही. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, त्या नावाचे डबे रचलेले असतात. मिलेना एक चमचा तोंडात घालायची आणि म्हणायची, "हे दही नाही, ही माफी मागितल्यासारखी चव आहे." मग मी तिला माझ्या विरजणाचं दिलं. खाल्लं आणि तिने मान आडवी, आडवी, आडवी हलवली. नवरा सोलापुरी, त्यामुळे चार मराठी शब्द तिलाही येत होते आणि ते सगळे भास्करच्या हेलात. "ताई, आंबट हाय की ओ!" असं ती गोरीपान बाई म्हणाली की आमची लेक एमी हसून हसून लोळायची.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला लागली. आठवायची ती नेहमी मिलेनाच. करायचा नेहमी भास्कर. पाळी कधी उलटत नव्हती. मिलेना त्याच्या मागे लागायची, "आता तू आठव. मी करते. सोलापूरची तुझी खोली सांग, गिरणीचं फाटक सांग. सोफियातलं वसतिगृह तरी सांग." भास्कर विषय उडवून लावायचा. "आमच्या चाळीत काय होतं आठवण्यासारखं? एक चूल, एक लेनिन आणि ढेकूण." आम्ही हसायचो. त्या हसण्यात विषय वाहून जायचा आणि तो पुन्हा रंधा हातात घ्यायचा.

दुसरी गोष्ट मिलेनाच्या वडलांची. ती त्यांच्याबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही, आणि शेवट ठरलेला असायचा. "बाबांनी माझ्या हातच्या कशालाच कधी चांगलं म्हटलं नाही. अख्ख्या गावच्या पोरांना शिकवलं, त्यांचं कौतुक केलं. माझं एक चित्र बघून मान हलवली असती तरी पुरलं असतं मला." असं ती म्हणाली की भास्कर उठायचा, काहीतरी शोधायला आत जायचा. मला वाटायचं, बायकांची रडगाणी नको असतील, पुरुषच तो.

वडलांचा शेवट वाईट झाला होता. घरी, आपल्याच स्वयंपाकघरात, पाहुण्यासमोर त्यांनी एक विनोद केला. "आपल्या पुढाऱ्यांचा पुतळा एवढा मोठा केला, निदान कबुतरांची तरी सोय झाली." कुणीतरी तो पुढे पोचवला. अकादमीतली नोकरी गेली, अकादमीचं घर गेलं, सामान तिथेच राहिलं. त्यांना कुठल्याशा गोदामात पेट्या मोजायला बसवलं आणि तिथल्या थंडीने दोन हिवाळ्यांत संपवलं. मिलेना तेव्हा दुसऱ्या गावी शिकत होती. विनोद कुणी पोचवला ते कळलं नाही. पाहुण्याचं नाव वडलांनी कधी सांगितलं नाही, त्याच्यावर संशयही घेतला नाही, म्हणून तिचा संशय शेजारच्या म्हाताऱ्या बाईवर. लहानपणी हिला सांभाळलेली ती बाई, हिची मावशीच म्हणा ना. पातळ भिंतीपलीकडे राहायची. मिलेनाने तिच्याशी बोलणं टाकलं. मावशी हिच्या नव्या खोलीच्या दारात गुलाबाच्या मुरंब्याची बरणी ठेवून जायची, ही न उघडता तिच्या दारात परत नेऊन ठेवायची. मावशी मेली तेव्हा ही मातीलाही गेली नाही. हे ती मला सांगायची तेव्हा तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, चीड होती.

आणि मग एके दिवशी मिलेनाने जाहीर केलं, आता ते स्वयंपाकघर करायचं.

भास्करने टाळाटाळ केली. एवढा कामसू माणूस, पण त्याला कधी पाठ धरायची, कधी लाकूड मनासारखं मिळायचं नाही. "दुसरं काहीतरी आठव की," तो म्हणायचा. एकदा माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "ताई, तुम्ही तिला सांगा ना. वडलांचं घर आहे, नको म्हणावं. त्रास होईल तिला." मी म्हटलं, "त्रास तिला होईल का तुला?" अगदी सहज म्हटलं हो, बोलायची सवय. त्याने चहा तसाच ठेवला आणि निघून गेला.

मिलेना कुठली ऐकते. रोज दुपारी ती कार्यशाळेत स्टुलावर बसून सांगायची आणि तो तिच्याकडे पाठ करून ऐकायचा. खिडकी कुठे, किटली कसली, टेबलाला किती खुर्च्या. मग तिला आत यायला बंदी झाली आणि ठोकाठोकीचे आवाज सुरू झाले. टेबलासाठी त्याला एका शाळेने टाकलेली बाकं मिळाली होती. आमचे मोरिता-सान सहसा कुणाच्या कामात डोकावत नाहीत, पण सुताराचं पोर, राहवेना त्यांना. बघून आले आणि म्हणाले, "तो माणूस टेबल करतोय असं वाटत नाही. सोडवतोय असं वाटतंय." मोरिता-सानचं बोलणं कधीकधी माझ्या डोक्यावरून जातं. मी भाजी चिरत राहिले.

उद्घाटनाच्या दिवशी कलादालनाची माणसं आली, अख्खी गल्लीही आली. दाराशी चपला काढून, वाकून, रिकाम्या स्वयंपाकघराला 'ओजामाशिमास', म्हणजे 'येऊ का, त्रास देते' असं म्हणत आजीबाई आत शिरल्या. भिंतीशी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. मिलेना आत आली. किटली निळी होती, ही हिरवी आहे, ती म्हणाली. मी जपानीत सांगितलं, लोक हसले. खिडकी एवढीशी? मग आई दिवसभर कुरकुरली असती. पुन्हा हसले. भास्कर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. मग मिलेना पाहुण्याच्या खुर्चीत बसली, खिडकीकडे पाठ असलेल्या. बोलता बोलता तिचा हात टेबलाच्या फळीखाली गेला आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली.

मी थांबले. मला वाटलं शब्द शोधतेय. तिने खुर्ची मागे सारली आणि सरळ टेबलाखाली गेली. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, दोन-तीन माणसं अदबीने वाकून बघायला लागली. मिलेना बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तिने भास्करला बल्गेरियन भाषेत एकच प्रश्न विचारला. भास्करने तिच्याकडे बघितलं आणि मान आडवी हलवली. सावकाश.

"नाही म्हणतोय ना?" ओकादा आजींनी माझ्या कानाशी विचारलं. जमलेल्या सगळ्यांना तो नाहीच म्हणतोय असं वाटलं. पण मला आणि मिलेनाला माहीत होतं, तो हो म्हणाला होता.

मी टेबलाजवळ गेले आणि फळीखाली हात घातला. लाकडात काहीतरी कोरलेलं होतं. बोटांनी चाचपत गेले. शेपटी, पोट, गोल डोळा. लहान मुलाने चाकूने कोरावा तसा एक मासा.

हा मासा मिलेनाने लहानपणी कोरला होता, त्या खऱ्या टेबलाखाली. वडलांच्या हातचा मारही खाल्ला होता. इतकी वर्षं तो तिच्या ध्यानीमनीही नव्हता, त्यामुळे भास्करला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. टेबल तर वडलांच्या नोकरीबरोबर गेलं होतं, भास्कर तिला भेटायच्या कितीतरी आधी. 'तुझ्या वडलांनी मला कधी घरी बोलावलं नाही,' असं तो तिला पहिल्यापासून सांगत आला होता. पाहुण्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय तो मासा कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं.

लोक पांगल्यावर भास्कर कार्यशाळेच्या पायरीवर बसला होता. आत मिलेना कपडे पिशवीत कोंबत होती, त्याचा आवाज येत होता. मी त्याच्याशेजारी बसले.

"विद्यार्थ्यांवर नेमलेला पक्षाचा एक सचिव होता," तो म्हणाला. "दर आठवड्याला बोलवायचा. कॉफी पाजायचा, घरची खुशाली विचारायचा. परक्या देशात कोण विचारतं ओ? मी त्याला सगळं सांगायचो. प्रोफेसरांनी घरी जेवायला बोलावलं, काय वाढलं, काय बोलले. तो विनोद पण सांगितला. आम्ही दोघं हसलो त्याच्यावर. सचिव पण हसला, ताई." मग म्हणाला, "माझा बाप पक्षाला आई म्हणायचा. आईला सांगितलं तर चुगली कशी होईल, असं वाटायचं मला."

"आणि मिलेनाला?"

"मातीच्या दिवशी पहिल्यांदा बघितली. सांगायलाच गेलो होतो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, मंग राहिलं. राहिलं ते राहिलंच."

मी विचारलं, मग मासा का कोरलास? तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "मी नाही कोरला. फळी उलटी टाकून साफ करत होतो, पटाशी हातात होती, मन कुठं होतं काय माहीत. बघितलं तर मासा. जेवताना प्रोफेसर बोलत होते तवा माझी बोटं त्याच्यावरच फिरत होती, भ्यालो होतो ना, मोठ्या माणसाचं घर. पुसावा म्हटलं. पण चूक पुसायची नाही, नियम आमचाच."

"ही चूक नव्हती रे भास्कर."

"तेच तर," तो म्हणाला.

मिलेना जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. वडलांसाठी नाही, भास्करसाठीही नाही. "मावशी बरणी ठेवायची आणि मी उचलून परत ठेवायचे," एवढंच म्हणत राहिली. भास्करशी ती एक शब्द बोलली नाही. तो तिची पिशवी घेऊन स्टेशनापर्यंत मागे मागे गेला. फाटकाशी तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि वळून न बघता आत गेली.

पुढची वर्षं भास्कर आमच्याकडेच राहिला. दिवसा एका दारं बनवणाऱ्याकडे काम करायचा. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे शेंगाचटणी कुटून द्यायचा, ओकादा आजींचे हलणारे पाट ठोकून द्यायचा. टेबल कार्यशाळेत तसंच होतं, त्यावर तो कधी जेवला नाही. मी एकदा म्हटलं, "जा की सोफियाला. पाय धर तिचे." तर म्हणाला, "पाय धरून तिला काय मिळणार? तिला द्यायची गोष्ट एकच आहे माझ्याकडं आणि ती ऐकायला ती तयार नाही." कुठली गोष्ट ते मला त्याने तेव्हा सांगितलं नाही. विड्या ओढायचा आणि खोकायचा. मी विड्यांवरून रागवायचे, खोकल्याकडे मात्र कुणीच वेळेवर लक्ष दिलं नाही. फुप्फुसाचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी मोरिता-सानना बाजूला घेऊन सांगितलं.

इस्पितळात एके सकाळी मी पेज घेऊन गेले तर गडी उशीला टेकून ताठ बसला होता. "ताई, आता माझी पाळी," म्हणाला. "मी आठवतो. तुम्ही ऐका आणि मिलेनाला सांगा. लिहू नका. नियम आहे."

आणि त्याने मला त्या स्वयंपाकघरातली दुपार सांगितली. प्रोफेसरांनी पाव कसा छातीशी धरून कापला, ते त्याने हाताने करून दाखवलं. पहिला कडक तुकडा पाहुण्याला दिला. सोलापूरच्या मागांबद्दल विचारलं. मग बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, "सापडला का?" भास्कर घाबरला, फळीखालचा हात चटकन बाहेर घेतला. प्रोफेसर हसायला लागले. म्हणाले, "माझ्या मुलीने कोरलाय तो. मी मारलं तेव्हा तिला. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला याच खुर्चीत बसवतो आणि वाट बघतो, कुणाच्या हाताला लागतो का. या घरातली सगळ्यात चांगली वस्तू आहे ती. तिला सांगू नका, डोक्यात जाईल."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "अरे देवा, भास्कर, हे तू इतकी वर्षं पोटात ठेवलंस? ती पोर एवढ्या एका शब्दासाठी जन्मभर तळमळली!"

"कसं सांगणार ओ?" तो म्हणाला. "हे सांगायचं तर मी तिथं होतो हे सांगायला लागलं असतं."

मी त्याच दिवशी सोफियाला फोन लावला. भास्कर आजारी आहे, हे मिलेनाने ऐकून घेतलं. तुझ्यासाठी त्याने एक आठवण सांगितली आहे म्हटल्यावर म्हणाली, "त्याची आठवण त्याच्याजवळ राहू दे, ताई," आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिला. पुन्हा लावला, तिने उचलला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भास्करला सांगितलं तर तो चिडला नाही, की रडला नाही. "ऐकंल. आज ना उद्या ऐकंल. तुम्ही तेवढं विसरू नका," म्हणाला. दहा-बारा दिवसांत तो गेला. दहनानंतर त्याची हाडं मी आणि मोरिता-साननी जपानी रिवाजाप्रमाणे लांब काड्यांनी वेचली. ओकादा आजी छत्री टेकत स्मशानापर्यंत आल्या होत्या. मी मिलेनाला नुसता निरोप ठेवला.

विसरू नये म्हणून मी रोज भांडी घासताना ती दुपार मनात पहिल्यापासून म्हणायची, पाढे म्हणावेत तशी. पाव, कडक तुकडा, माग, सापडला का. एमी मला विचारायची, "ओकासान, कुणाशी बोलतेस?"

पुढच्या शरद ऋतूत मिलेना आली. न कळवता. केस पांढरे झाले होते. "टेबल न्यायला आलेय," दारातच म्हणाली. मी तिला कार्यशाळेत नेलं, चहाचा कप हातात दिला आणि पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, "बाई, हे ऐकल्याशिवाय टेबल हलणार नाही. मग ने नाहीतर जाळ." आणि पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं, एका दमात, पुन्हा तिने अडवू नये म्हणून तिच्याकडे न बघता. सांगून झालं तेव्हा तिचा एक हात टेबलाखाली होता. चहावर साय आली होती.

मग ती म्हणाली, "पाव कुठल्या हाताने कापला?"

"उजव्या," मी म्हटलं. भास्करने उजव्याच हाताने करून दाखवलं होतं. डाव्या हाताला सलाईन लावलेली होती ना.

"बाबा डावरे होते."

एवढी जपून ठेवलेली गोष्ट आणि तिच्यातच खोट. सलाईनचं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हात वर केला. "राहू दे. पुसायचं नाही," ती म्हणाली. "तिथं तो आहे." आणि मग ती टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडली, माती देताना रडतात तशी. हे ऐकायला भास्कर हवा होता हो. एक वर्ष आधी हिने ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या बाजूनेही इतकी वर्षं तेच झालं होतं. कुणाला काय बोलणार?

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले. खोलीभर नजर फिरवली. सासऱ्यांचा रंधा, भास्करच्या पटाश्या, सगळं जागच्या जागी होतं. "आठवायची पाळी त्याची झाली," ती म्हणाली. "त्या दुपारी मी तिथं नव्हते. आता करायची पाळी माझी." तिने कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर सारल्या आणि मला विचारलं, मराठीत, थेट त्याच्या हेलात.

"ताई, मोठ्या कचऱ्याचा वार कुठला ओ?"